पाय जड पडलेत आणि एमआरआय कंबरेचा : कण्यातली गाठ शोधताना चिठ्ठीवर काय लिहायचं?

मलप्रभा

खानापूर, हुक्केरी, रायबाग, अथणी, कुठूनही पेशंट येवो, एमआरआयच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा तीनच शब्द असतात : "एलएस स्पाइन प्लेन", म्हणजे कंबरेच्या कण्याचा साधा एमआरआय. तक्रार काय, किती दिवसांची, तपासताना काय सापडलं, काहीच नसतं. कण्यातली गाठ उशिरा सापडण्याचं मोठं कारण हेच आहे, म्हणून रेडिऑलॉजीच्या बाजूने हा धागा काढते आहे.

मोठ्या माणसात मज्जारज्जू (कॉर्ड) कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या, म्हणजे एल१-एल२ मणक्यापाशी संपतो. त्याखाली फक्त नसांचा झुबका. त्यामुळे पाय ताठरले असतील, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय नेहमीपेक्षा जोरात उडत असेल, तळव्यावर किल्ली ओढल्यावर अंगठा वर जात असेल, तर बिघाड एल२ च्या खाली असूच शकत नाही. तो छातीत किंवा मानेत शोधायला हवा. कंबरेच्या एमआरआयचा फोटो साधारण डी११-डी१२, म्हणजे छातीच्या शेवटच्या मणक्यांपासून सुरू होतो. डी५ ला मेनिन्जिओमा (कॉर्डच्या आवरणाची गाठ) बसला असेल तर तो त्या फोटोत येतच नाही. एल४-एल५ ची फुगलेली गादी मात्र चाळिशीनंतर कोणाच्याही फोटोत दिसते. रिपोर्ट येतो "डिस्क बल्ज", मग पट्टा, ट्रॅक्शन, गोळ्या. डी५ ची गाठ तेवढे महिने वाढत राहते.

ओपीडीत दोन मिनिटांत विचारण्यासारखा एक प्रश्न आहे : "चालताना चप्पल पायातून निसटते का? आणि निसटली की कळतं का?" निसटते हे कळतं पण पायाला धरून ठेवता येत नाही, तर ताकद गेली आहे. निसटल्याचा पत्ताच नाही, चार पावलं पुढे गेल्यावर कोणीतरी सांगतं, तर पाय कुठे आहे ही जाणीव गेली आहे. त्याला जोडून "छातीभोवती, पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं का?" हेही विचारा. कन्नड बोलणारा पेशंट "जोमु हिडदैती" म्हणेल, मराठी बोलणारा "मुंग्या येतात" किंवा "पाय बधिर झालाय" म्हणेल. तो बधिरपणा कुठपर्यंत चढतो ते टाचणीने खालून वर तपासा. स्तनाग्राची पातळी डी४, बेंबीची डी१०, जांघेची एल१.

इथे चुकायला होतं. बेंबीपर्यंत बधिर म्हणजे डी१० चा मणका असं नाही. कॉर्ड कण्यापेक्षा आखूड असल्याने डी१० चा मज्जाखंड साधारण डी७-डी८ मणक्यापाशी असतो, आणि गाठ तपासणीतल्या पातळीच्याही एक-दोन खंड वर निघू शकते. म्हणून चिठ्ठीवर एवढं तरी लिहा : "दोन महिन्यांपासून दोन्ही पायांत ताठरपणा, बेंबीखाली संवेदना कमी, लघवी अडखळते. डॉर्सल स्पाइन, सोबत पूर्ण कण्याचे सॅजिटल." डॉर्सल म्हणजे छातीचा कणा, सॅजिटल म्हणजे बाजूने दिसणारे उभे छेद. या एका ओळीने मशीनवरची सगळी आखणी बदलते.

तिसरं गेट

ताई, मशीनवर काम करणाऱ्यांच्या बाजूने लिहितो.

गाठीचा पेशंट आडवा झाला की दुखणं वाढतं, रात्री तर जास्तच. वीस मिनिटं सरळ झोपणं त्याला जमत नाही. डॉक्टरांना विचारून वेदनाशामक आधीच द्यावं आणि त्याचा असर सुरू होईपर्यंत थांबावं. गुडघ्याखाली उशी ठेवली की कंबर टेकते आणि हालचाल कमी होते. लघवी तुंबली असेल तर कॅथेटर आधी, टेबलवर गेल्यावर नाही. मणका कोसळल्याची शंका असेल तर तिघा-चौघांनी मिळून ओंडका लोळवावा तसं एकसंध वळवायचं. काखेत हात घालून ओढायचं नाही.

सर्वात कामाची सीक्वेन्स (चित्रांची मालिका) सर्वात आधी घ्या. पेशंट कधी "काढा बाहेर" म्हणेल सांगता येत नाही. पहिल्यांदा पूर्ण कण्याचं सॅजिटल स्टर (यात चरबी दबते, सूज पांढरी दिसते), मग सॅजिटल टी१ (चरबी उजळ), मग टी२ (पाणी उजळ). एवढं हाती आलं तरी हाडातली बहुतेक गाठ आणि कॉर्डवरचा दाब दिसतो. सॅजिटलची जाडी ३ ते ४ मिलिमीटर.

एक्सिअल म्हणजे आडवे छेद घेताना सवयीने फक्त गाद्यांवर रेघा टाकल्या जातात. गाठ मणक्याच्या मध्यावर असते आणि दोन गाद्यांच्या मधला भाग सुटतो. सॅजिटलवर जिथे संशय आहे तिथे वरच्या धड मणक्यापासून खालच्या धड मणक्यापर्यंत सलग एक्सिअल घ्यायचे.

छातीत श्वासाची आणि हृदयाची हालचाल झाकायला पुढे सॅच्युरेशन बँड, म्हणजे तेवढ्या भागाचा सिग्नल दाबणारा पट्टा टाकतो. तो कण्याला फार चिकटवला तर मणक्याशेजारची गाठ किंवा गळू त्याखाली काळं होऊन गायब होतं. बँड थोडा पुढे सरकवा. आणि टी२ सॅजिटलवर कॉर्डच्या मधोमध बारीक पांढरी रेघ दिसली म्हणजे सिरिंक्सच (कॉर्डमधली पाण्याची पोकळी) असं नाही. मॅट्रिक्स (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) कमी ठेवल्यामुळे तशी खोटी रेघ उमटते. एक्सिअलवर ती नसेल तर मॅट्रिक्स वाढवून किंवा फेजची दिशा बदलून पुन्हा घ्यायचं.

पीएचसी-खानापूर

आमच्याकडे हाताशी एक्स-रे असतो, बाकी सगळं बेळगावला. एक्स-रेवरून काही ठरवता येतं का? नंदगडपलीकडच्या माणसाला एका एमआरआयसाठी दोन दिवसांचा रोजगार बुडवावा लागतो, म्हणून विचारतो.

मलप्रभा

डॉक्टर, एक्स-रेवर गाठ दिसली तर तिचं ऐका. दिसली नाही तर त्यावर अजिबात भरवसा ठेवू नका. मणक्यातला ३० ते ५० टक्के खनिज भाग गेल्याशिवाय खड्डा साध्या एक्स-रेवर उमटत नाही.

तरी समोरून काढलेला फोटो नीट बघायची सवय ठेवा. प्रत्येक मणका घुबडाच्या चेहऱ्यासारखा दिसतो : दोन पेडिकल (मणक्याचं शरीर आणि मागची कमान जोडणारे खांब) म्हणजे डोळे, मधला काटा म्हणजे चोच. एका मणक्याचा एक डोळा मिटलेला असेल तर तिथलं पेडिकल खाल्लं गेलंय. वरपासून खाली डोळ्यांच्या जोड्या मोजत यायचं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बाजूच्या फोटोत नस बाहेर पडायचं भोक एकाच ठिकाणी रुंद दिसलं तर श्वॅनोमा किंवा न्यूरोफायब्रोमा (नसेच्या आवरणाच्या गाठी) मनात आणा. हळू वाढणारी गाठ हाड खात नाही, दाबून पसरवते.

उत्तर कर्नाटकाच्या काही तालुक्यांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तेही लक्षात असू द्या. तिथल्या माणसाचा सगळा कणाच पांढराफटक दिसतो आणि वयस्कर पुरुष असेल तर प्रोस्टेटचा कर्करोग पसरलाय असं वाटतं. फ्लोरोसिसमध्ये पांढरेपणा सगळीकडे सारखा असतो आणि लिगामेंटही कडक होतात. कोपराखालचा एक्स-रे काढा, दोन हाडांमधल्या पडद्यात हाड तयार झालेलं दिसतं. कर्करोगाचे डाग ठिगळासारखे असतात. पीएसए ही प्रोस्टेटची रक्तचाचणी करून घ्याच, दोन्ही एकत्रही असू शकतात.

पाय ताठरलेत किंवा लघवी अडली आहे तेव्हा मात्र एक्स-रेसाठीही थांबू नका. त्याला थेट एमआरआयला पाठवा, तेही २४ तासांच्या आत. उपचार सुरू होताना जो चालत असतो त्याचं चालणं टिकण्याची शक्यता सर्वात जास्त असते. पूर्ण गेलेले पाय परत येणं अवघड.

हिरण्यकेशी

शस्त्रक्रिया करणाऱ्याला रिपोर्टमध्ये गाठीच्या नावाआधी गाठीचा कप्पा कळायला हवा. ड्युराच्या (कॉर्डभोवतीच्या जाड आवरणाच्या) बाहेर, ड्युराच्या आत पण कॉर्डच्या बाहेर, की कॉर्डमध्येच?

बाहेरची म्हणजे बहुतेक वेळा दुसरीकडून पसरलेला कर्करोग : स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड, थायरॉइड, किंवा मग मायलोमा, लिम्फोमा हे रक्तपेशींचे कर्करोग. टी१ वर निरोगी मज्जेत चरबी असल्याने मणका शेजारच्या गादीपेक्षा उजळ दिसतो. मणका गादीपेक्षा काळा झाला तर तिथे काहीतरी भरलंय. ही एक तुलना शिकून घेतली तरी खूप काही सापडतं. उलट टी१ आणि टी२ दोन्हींवर पांढरा गोल डाग, सीटीवर ठिपक्याठिपक्यांचा, म्हणजे साधा हेमॅन्जिओमा, रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गोळा. त्याला घाबरून पेशंटला मुंबईला धाडू नका.

दुसऱ्या कप्प्यात मेनिन्जिओमा आणि श्वॅनोमा. इथे गाठ कॉर्डला एका बाजूला ढकलते आणि गाठीच्या वर-खाली कॉर्डभोवतीच्या पाण्याची जागा रुंदावते. तेवढ्यावरून कप्पा ओळखता येतो. मेनिन्जिओमा मध्यमवयीन बायकांत, छातीच्या भागात, ड्युराला रुंद चिकटलेला. श्वॅनोमा नसेच्या भोकातून बाहेर डोकावतो, डंबेलसारखा. यांचा निकाल चांगला लागतो, म्हणून ते नजरेतून सुटले तर मनाला जास्त लागतं.

तिसऱ्या कप्प्यात कॉर्ड स्वतःच फुगतो. मोठ्यांत एपेंडिमोमा, मधोमध, टोकांना जुन्या रक्ताची काळी टोपी. मुलांत अॅस्ट्रोसायटोमा, थोडा एका बाजूला, कडा धूसर. छोटी चमकणारी गाठ, भोवती मोठं सिरिंक्स आणि काळ्या वळवळणाऱ्या रक्तवाहिन्या दिसल्या तर हेमॅन्जिओब्लास्टोमा (रक्तवाहिन्यांची गाठ), आणि मग मेंदू, डोळे, मूत्रपिंड हेही तपासायचे. कॉर्डमध्ये पांढरं दिसलं पण कॉर्ड फुगलेला नाही, तर सुरी बाजूला ठेवून बी१२ची कमतरता, मायलायटिस (कॉर्डची सूज), एनएमओ (कॉर्ड आणि डोळ्याच्या नसेवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटते तो आजार) यांचा विचार आधी.

दाब किती आहे ते टी२ एक्सिअलवर बिल्स्की ग्रेडने सांगा. २ म्हणजे कॉर्ड दाबला गेलाय पण भोवती पाणी दिसतंय, ३ म्हणजे पाणीही दिसत नाही. कणा टिकाऊ आहे का यासाठी सिन्स स्कोअर : १८ पैकी ६ पर्यंत स्थिर, ७ ते १२ मधला, १३ पासून अस्थिर. त्यासाठी सीटी लागतो, एमआरआयवर हाडाचा कठीणपणा कळत नाही. मूत्रपिंडाची किंवा थायरॉइडची गाठ असेल तर आधीच सांगा. फार रक्त जातं, शस्त्रक्रियेपूर्वी रक्तवाहिन्या बंद कराव्या लागतात.

घटप्रभा

फिजिओथेरपीच्या खोलीत नेहमी अडणारा प्रश्न : टीबी की गाठ? आपल्याकडे मणक्याचा टीबी एवढा आहे की रिपोर्टमध्ये दोन्ही लिहून मोकळं होतात आणि टीबीच्या गोळ्या सुरू होतात.

मलप्रभा

घटप्रभाताई, यावर सविस्तर लिहायला हवं.

पहिला नियम : जंतू गादी खातात, कर्करोग गादी सोडतो. दोन शेजारचे मणके आणि मधली गादी मिळून गेलीय, बाजूला पातळ, गुळगुळीत कडेची पिशवी आहे, सीटीवर त्यात चुन्याचे कण आहेत, तर टीबी. एकाच मणक्याचं शरीर आणि पेडिकल गेलंय, गादी जशीच्या तशी, दूरच्या आणखी दोन-तीन मणक्यांत डाग, बाजूचा भाग घट्ट मांसल, तर गाठ.

पण टीबी हा नियम मोडतो. सुरुवातीला तो लिगामेंटखालून सरकतो आणि गादी बराच काळ वाचते. कधी फक्त मागच्या कमानीतच बसतो. अशा वेळी कॉन्ट्रास्ट, म्हणजे गाठ उजळवणारं शिरेतलं औषध दिल्यावर काय होतं ते बघा. पू असेल तर कडा चमकते, आतला भाग काळाच राहतो. गाठ बहुधा सगळीच चमकते. तरी शंका उरली तर ती उरली असंच लिहावं आणि बायोप्सी सुचवावी. पेट-सीटीवर टीबीही चमकतो आणि कर्करोगही, त्यामुळे त्यावर पैसे घालून हा प्रश्न सुटत नाही. बायोप्सी कुठून घ्यायची हे ठरवायला मात्र तो उपयोगी पडतो.

आपल्या भागात तिसरा दावेदारही आहे : ब्रुसेला, जनावरांकडून माणसाला होणारा जंतुसंसर्ग. मेंढपाळ, गोठ्यात काम करणारे, कच्चं दूध पिणारे. ताप येतो-जातो, घाम, सांधे दुखतात, आणि बहुतेक वेळा कंबरेचा मणका, त्यातही एल४. मणक्याचा आकार बराच टिकतो आणि पुढच्या कोपऱ्यावर पोपटाच्या चोचीसारखं हाड वाढतं. रक्ताची साधी ब्रुसेला चाचणी मागवा. मेंढ्या-कुत्र्यांच्या सहवासातल्या माणसात अनेक कप्प्यांची, न चमकणारी, पाण्याने भरलेली गाठ दिसली तर हायडॅटिड (कुत्र्याच्या पोटातल्या कृमीमुळे होणारी गाठ) मनात आणा, आणि तिथे आंधळेपणाने सुई घालू नका. आतलं पाणी सांडलं तर जिवावर बेततं.

सूक्ष्मदर्शी

बायोप्सीचा विषय निघालाच आहे तर पॅथॉलॉजीकडून कळकळीची विनंती : सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकू नका! फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. पेशंटला पुन्हा सुई सहन करावी लागते.

सीटीखाली पेडिकलमधून ११ किंवा १३ गेजची सुई घालून तीन-चार तुकडे काढायचे. निम्मे १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात. उरलेले निर्जंतुक सलाइनमध्ये, तेही लगेच लॅबला : टीबी कल्चर, सीबीनॅट (टीबीची जलद जनुकीय चाचणी), साधं कल्चर. सोबत आलेली रक्ताची गुठळीही पाठवा, कधी कधी निदान तिच्यातच मिळतं. कडक पांढरा भाग टाळून मऊ भागातून तुकडा घ्या. आधी प्लेटलेट ५०,००० च्या वर आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.५ च्या आत आहे ना ते बघायचं.

हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर पुढच्या चाचण्या, विशेषतः डीएनएच्या, बिघडतात. ईडीटीए या सौम्य द्रव्याला वेळ लागतो पण नमुना वाचतो. निकाल उशिरा आला तर लॅबवर ओरडण्याआधी हे ध्यानात घ्या.

लिम्फोमाची शंका आहे आणि पायांत ताकद शाबूत आहे, तर बायोप्सीआधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड नको. गाठ विरघळते आणि आम्हाला मेलेल्या पेशी बघाव्या लागतात. पाय जात असतील तर अर्थातच थांबायचं नाही, दिवसाला १६ मिलिग्रॅम द्या. चिठ्ठीवर मात्र "स्टेरॉइड दिलं, अमुक तारखेला" असं लिहा.

मणके पोखरलेले, हिमोग्लोबिन कमी, क्रिएटिनिन वाढलेलं, असं असेल तर सुईआधी सीरम इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या मायलोमाची प्रथिनं शोधणाऱ्या रक्तचाचण्या करा. मायलोमा बोन स्कॅनवर बऱ्याचदा दिसतच नाही, कारण त्यात नवं हाड तयार होत नाही.

हिरण्यकेशी

एक पुरवणी. माकडहाडाच्या भागात मधोमध मोठी गाठ असेल तर कॉर्डोमाची (कण्याच्या हाडातच सुरू होणाऱ्या कर्करोगाची) शंका धरा आणि शस्त्रक्रिया जो करणार त्याला विचारल्याशिवाय बायोप्सी करू नका. सुईचा मार्गही पुढे गाठीसोबत कापून काढावा लागतो. गुदमार्गातून तर नाहीच नाही.

पीएचसी-खानापूर

सत्तरीची बाई, मोरीत पाय घसरून बसली, डी१२ चेपलाय. हाडं ठिसूळ म्हणून की गाठ म्हणून? हे रोजचं आहे.

मलप्रभा

ठिसूळपणाने चेपलेल्या मणक्यात टी१ वर काळा पट्टा आडवा असतो, मागचा भाग आणि पेडिकल उजळ राहतात, आणि मागच्या भिंतीचा एखादा टोकदार तुकडा आत घुसलेला असतो. गाठीच्या मणक्याची मागची भिंत फुगीर गोल होते, पेडिकल काळं पडतं, ड्युराच्या बाहेर मांसल भाग दिसतो. स्टरवर ताजं फ्रॅक्चरही पांढरं आणि गाठही पांढरी, म्हणून फक्त स्टरवर निकाल देऊ नका. आत चरबी आहे का ते सांगणारी इन-फेज आणि आउट-ऑफ-फेज अशी चित्रांची जोडी घेता येते. आउटमध्ये सिग्नल २० टक्क्यांहून जास्त पडला तर आत चरबी शिल्लक आहे, बहुधा साधं फ्रॅक्चर. तरी संशय असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा एमआरआय. साधं फ्रॅक्चर तोवर निवळायला लागतं.

तिसरं गेट

कॉन्ट्रास्टबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे ताई. तुम्ही सेंटरवर नेहमी सांगता, "आधी प्लेन, गरज पडली तर कॉन्ट्रास्ट", हे शहरात ठीक. अथणीहून आलेला पेशंट रिपोर्ट घेऊन परत गेला की पुन्हा येत नाही. शंका असेल तर एकाच खेपेत द्यावा.

मलप्रभा

एकाच खेपेत, मान्य. पण सगळ्यांना नको. माहीत असलेला कर्करोग हाडात पसरून कॉर्ड दबतोय का, एवढंच बघायचं असेल तर टी१, टी२, स्टर पुरतात. कॉर्डमधली गाठ, ड्युराच्या आतली गाठ, जंतुसंसर्ग, आधी झालेली शस्त्रक्रिया, किंवा कारण न सापडलेलं सिरिंक्स असेल तर कॉन्ट्रास्ट हवाच. म्हणून पेशंट टेबलवर असतानाच सॅजिटल बघायला रेडिऑलॉजिस्टला बोलवा. म्हणजे तो निर्णय तिथेच होतो आणि दुसरी खेप वाचते.

देताना किलोमागे ०.२ मिलिलिटर, मिलिलिटरमध्ये ०.५ मिलिमोल असलेल्या नेहमीच्या औषधासाठी. ६० किलोच्या माणसाला १२ मिलिलिटर. क्रिएटिनिन आधी बघा, ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर विचारल्याशिवाय नको. गरोदर बाईला शक्यतो टाळायचं.

आणि कॉन्ट्रास्टआधीचं टी१ कधीही गाळू नका. काळी गाठ औषधाने उजळते आणि भोवतालच्या चरबीइतकीच पांढरी होऊन नाहीशी होते. म्हणून नंतरच्या टी१ला चरबी दाबलेली हवी. कॉन्ट्रास्टनंतर स्टर घेऊ नका, चरबीबरोबर गाठीची चमकही दबू शकते.

तिसरं गेट

टेबलवर असताना बोलवायचं हे पटलं. संध्याकाळी रेडिऑलॉजिस्ट सेंटरवर नसतील तर कन्सोलवरून सॅजिटल पाठवून फोनवर विचारता येईल.

घटप्रभा

मिरज, कोल्हापूर, हुबळी, बंगळूरचं किदवई किंवा मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाणाऱ्यांच्या हाती नेमकं काय द्यायचं?

हिरण्यकेशी

सीडी. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो नको, त्यावर कॉर्ड मोजता येत नाही. सीडी सेंटरमधल्याच दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, रिकामी निघाली तर मुंबईत कळून उपयोग नाही. बायोप्सी झाली असेल तर स्लाइडसोबत पॅराफिनचा ब्लॉकही न्या. नुसता रिपोर्ट पाहून मोठ्या ठिकाणी उपचार सुरू करत नाहीत, पुन्हा तपासतात.

आणि मणके मोजलेलं चित्र. छातीतल्या गाठीत चुकीच्या पातळीवर शस्त्रक्रिया होण्याचा धोका खरा आहे. काहींना कंबरेत सहा मणके असतात, काहींचा एल५ खालच्या त्रिकास्थीला (माकडहाडाच्या वरच्या हाडाला) जुळलेला. खालून मोजलं तर डी८ आणि वरून मोजलं तर डी७, असं होतं. मोठं सॅजिटल चित्र सी२, म्हणजे मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून घ्या, सी२ ओळखायला सोपा. तिथून खाली मोजत आकडे टाका आणि रिपोर्टमध्ये "सी२ पासून मोजले, कंबरेत पाच मणके" अशी ओळ लिहा. शस्त्रक्रियेच्या टेबलवर सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली मी तीच ओळ शोधतो.

तिसरं गेट

सी२ ते माकडहाड एका चित्रात बसत नाही सर, दोन तुकडे जोडावे लागतात. जोडताना एक मणका दोनदा मोजला जातो, तिथेच गडबड होते. दोन्ही तुकड्यांत एकच खूण, उदाहरणार्थ एखादा हेमॅन्जिओमा, बाणाने दाखवायची. तशी खूण नसेल तर डी६ च्या आसपास पाठीवर व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवा. दोन्ही चित्रांत पांढरा ठिपका येतो, आणि दोन भागांच्या मध्ये पेशंट हलला नसेल तर मोजणी जुळते.